तंबू जागचा हलला नाही, मग उंची का बदलली? हवेची भरती आणि ओझोनचा दिवस

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्काम होता. दुपारी चारला तंबू ठोकला तेव्हा मनगटावरच्या घड्याळाने जी उंची दाखवली, ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याच जागी जवळजवळ २५ मीटरने कमी भरली. आकाश निरभ्र होते, वारा पडलेला होता. सोबतचा एक जण म्हणाला, ही चंद्रामुळे हवेला येणारी भरती. दुसऱ्याने वाचले होते की याला वरचा ओझोन कारणीभूत आहे. ५० किलोमीटर वरचा ओझोन जमिनीवरचा दाब हलवू शकतो का? तो ओझोन तरी दिवसभर तेवढाच राहतो का? आणि हे घरबसल्या पाहता येईल का?

आधी थेट उत्तर देतो. ओझोनचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. चंद्राचेही खोटे नाही, पण त्याचा वाटा सूर्याच्या वाट्यापेक्षा सुमारे वीसपट लहान आहे, तो मनगटावरच्या घड्याळात दिसणार नाही. ओझोन मात्र दिवसभर तेवढाच राहत नाही. तो किती बदलतो, हे कोणत्या उंचीबद्दल बोलतो आहोत यावर अवलंबून आहे: कुठे नगण्य, कुठे काही टक्के आणि कुठे चक्क दहापटीच्या आसपास. ही दोन्ही उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. ओझोन तापतो म्हणून हवेत भरती उठते आणि ती भरती वर गेली की ओझोनलाच हलवते. वरच्या हवेच्या नोंदींवर मी बरीच वर्षे काम केले आहे, आणि सर्वात जास्त गोंधळ मी इथेच पाहिला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या घड्याळाला उंची ठाऊक नसते. ते फक्त दाब मोजते आणि त्यावरून उंचीचा हिशेब करते. गडाच्या उंचीवर दाब १ हेक्टोपास्कलने (हे दाबाचे एकक) उतरला की घड्याळाला वाटते आपण सुमारे साडेनऊ मीटर वर आलो. २५ मीटर म्हणजे अडीच-तीन हेक्टोपास्कल. कोरड्या ऋतूत आपल्याकडे सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दाब एवढा सहज उतरतो. मग तो पुन्हा चढतो, रात्री दहाच्या सुमारास दुसरे शिखर गाठतो, पहाटे चारला पुन्हा तळाला जातो. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. तुम्ही तंबू ठोकला तो ओहोटीच्या वेळी आणि निघालात भरतीच्या वेळी. त्यामुळे फरक मोठ्यात मोठा दिसला.

उष्ण कटिबंधात हे चक्र इतके नेमाने चालते की हवामान खात्यात काम करणाऱ्याला ते आधी वजा करावे लागते. आपल्याकडच्या मुख्य निरीक्षणांपैकी एक सकाळी साडेआठला असते आणि एक संध्याकाळी साडेपाचला. पहिले दाबाच्या शिखराजवळ, दुसरे तळाजवळ. त्यामुळे सकाळपासून दाब उतरला, म्हणजे समुद्रात काही शिजते आहे, असे म्हणता येत नाही, तो रोजच उतरतो. म्हणून आपल्याकडे आजचा दाब कालच्या त्याच वेळच्या दाबाशी ताडून पाहतात. २४ तासांतला फरक हाच खरा इशारा. युरोपात असे करावे लागत नाही, कारण तिथे हे दैनिक चक्र क्षीण असते आणि येणारी-जाणारी वादळे त्याला गिळून टाकतात.

आता चंद्राकडे वळू. समुद्राच्या भरतीत चंद्राचा जोर सूर्याच्या दुपटीहून थोडा अधिक असतो. हवेची भरतीही गुरुत्वाकर्षणानेच उठत असती, तर तिच्यातही चंद्राचीच लय वरचढ असती आणि भरतीची वेळ रोज ५० मिनिटांनी पुढे सरकली असती. हवेची भरती तशी सरकत नाही. ती सूर्याच्या घड्याळाला चिकटून राहते. फ्रेंच गणिती लाप्लासच्या लक्षात ही गोष्ट आली होती आणि त्याने निष्कर्ष काढला की इथे ओढ नसून ऊब काम करते आहे. चंद्राची भरती हवेत आहेच. तिचा काळ १२ तास २५ मिनिटांचा, आणि उष्ण कटिबंधातही तिचा आयाम (मधल्या पातळीपासूनचा चढ) १ हेक्टोपास्कलच्या दहाव्या भागाहून कमी. सूर्याची १२ तासांची भरती तिथेच सव्वा हेक्टोपास्कलच्या आसपास असते. चंद्राची ती बारीक लय शोधायला वर्षानुवर्षांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. एकोणिसाव्या शतकात सेंट हेलेना बेटावरच्या नोंदींतून ती पहिल्यांदा वेगळी काढली गेली. त्या लोकांनी हजारो आकडे हाताने बेरजेला लावले होते. आज संगणकावर एका ओळीत ते काम करताना मला त्यांची आठवण होते.

मग खरी अडचण समोर येते. सूर्य तापवतो तो दिवसातून एकदा. दुपारी ऊन, रात्री अंधार. तर भरती दिवसातून एकदाच यायला हवी, दोनदा का?

थोडे गणित लागते, पण अवघड नाही. सूर्याची ऊब ही साधी चढती-उतरती लाट नसते. दिवसा ती उगवते, माध्यान्हीला टोक गाठते, मावळते, आणि रात्रभर सपाट शून्य. असा आकार एकट्या २४ तासांच्या लाटेने बनत नाही. त्यात १२ तासांची लाटही मिसळावी लागते, पुढे आणखी बारीक लाटाही लागतात. १२ तासांच्या भागाची ताकद २४ तासांच्या भागाच्या साधारण ४२ टक्के असते. म्हणजे १२ तासांची ऊब आहे खरी, पण दुय्यम आहे. जमिनीवरच्या दाबात मात्र तीच मालकीण होऊन बसते.

१८८२ मध्ये लॉर्ड केल्व्हिनने यावर एक देखणा तोडगा सुचवला. त्याचे म्हणणे, साऱ्या पृथ्वीच्या हवेला झोक्यासारखा स्वतःचा एक नैसर्गिक काळ असावा आणि तो १२ तासांच्या जवळ असावा. झोक्याला त्याच्या लयीत हलका धक्का दिला तरी तो उंच जातो, तसेच इथे होत असावे. ही अनुनादाची कल्पना पन्नास-साठ वर्षे टिकली. तिला पहिला मोठा धक्का जी. आय. टेलरने दिला. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा दाबाची लाट पृथ्वीभर फिरली होती. तिच्या वेगावरून टेलरने हिशेब केला आणि नैसर्गिक काळ १२ तासांशी जुळेना. १९३७ मध्ये पेकेरिसने दाखवले की ५० किलोमीटरच्या आसपास हवा पुरेशी तापलेली असेल आणि त्यावर पुन्हा थंड होत असेल, तर हवेला दुसराही एक नैसर्गिक काळ असू शकतो, आणि तो १२ तासांजवळ येतो. पण त्यासाठी ती हवा सुमारे ३५० केल्व्हिनपर्यंत (सुमारे ७७ अंश सेल्सिअस) तापलेली लागत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर रॉकेटने वरचे तापमान प्रत्यक्ष मोजले गेले. तिथे भरले २७०-२८० केल्व्हिन. अनुनादाची कल्पना बाद झाली.

त्या दुसऱ्या काळाशी जोडलेली पेकेरिसची लाट मात्र पूर्ण खोटी नव्हती. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळ हुंगा टोंगा ज्वालामुखी फुटला आणि दाबाची लाट भारतातल्या दाबमापकांवरूनही गेली. तिच्या मागोमाग, सेकंदाला सुमारे २४५ मीटर वेगाने, एक मंद लाट चाललेली संशोधकांना सापडली. पेकेरिसने सांगितलेली तीच. पंच्याऐंशी वर्षांनी. हा शोधनिबंध वाचला त्या दिवशी दुसरे काही काम करावेसे वाटले नव्हते.

अनुनाद नाही, तर मग काय? इथे ओझोन येतो. पूर्वी हिशेब करताना ऊब फक्त जमिनीपाशी धरली जायची: तापलेली जमीन, तिच्यावरची हवा. पण सूर्याच्या अतिनील किरणांचा एक मोठा पट्टा जमिनीपर्यंत पोचतच नाही. स्थितांबरातला (साधारण १५ ते ५० किलोमीटरमधल्या थरातला) ओझोन तो शोषतो आणि त्यामुळे तिथली हवा थेट तापते. ही ऊब ३० ते ६० किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेली असते आणि ४५-५० किलोमीटरच्या आसपास तिचा जोर सर्वाधिक असतो. खाली तपांबरात, म्हणजे जमिनीलगतच्या ढग-पावसाच्या थरात, पाण्याची वाफ सूर्याचे अवरक्त किरण शोषून हवा तापवते. सीबर्टने १९६१ मध्ये वाफेचा वाटा पुढे आणला, बटलर आणि स्मॉल यांनी १९६३ मध्ये ओझोनचा. १२ तासांच्या भरतीत ओझोनचा वाटा मोठा निघाला.

तरी २४ तासांची ऊब जास्त असताना १२ तासांची भरती का जिंकते, हे उरतेच. ते समजायला लाटांची उभी लांबी पाहावी लागते. २४ तासांच्या मुख्य लाटेची उभी लांबी सुमारे २८ किलोमीटर असते. म्हणजे ती वर जाताना दर १४ किलोमीटरला उलटते: एका थरात हवा वर, तर १४ किलोमीटर वर हवा खाली. ओझोन तापवतो तो थर ३० किलोमीटर जाडीचा. त्या जाडीत लाटेचा एक पूर्ण फेरा बसतो. थराचा एक भाग तिला ज्या दिशेला ढकलतो, दुसरा भाग त्याच्या उलट. रथाचा दोर शंभर जण ओढत आहेत, पण निम्मे पुढे आणि निम्मे मागे, असे होते. रथ जागचा हलत नाही. १२ तासांच्या मुख्य लाटेची उभी लांबी १०० किलोमीटरहून जास्त असते. तिच्यासाठी हा सारा ओझोनचा थर एकाच बाजूचा आहे. सगळे एका हाकेत ओढतात. माणसे निम्म्याहून कमी असली तरी रथ चालतो आणि त्याचा धक्का जमिनीपर्यंत पोचतो.

दुसरे कारणही आहे. पृथ्वी फिरते त्यामुळे २४ तासांची लाट साधारण ३० अंश अक्षांशाच्या आतच मोकळेपणी वर-खाली प्रवास करू शकते. त्यापलीकडे ती जिथे उठते तिथेच अडकते. काटो आणि लिंडझेन यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यावर या अडकलेल्या लाटांचे गणित मांडले आणि कोडे सुटले. ओझोनची २४ तासांची बरीचशी ऊब या अडकलेल्या लाटांत खर्च होते, जमिनीला कळतही नाही.

थोडे शिल्लक उरलेच. ओझोन आणि वाफ एवढेच धरले तर दाबाचे शिखर सकाळी ९ च्या सुमारास यायला हवे होते, प्रत्यक्षात ते पावणेदहाच्या आसपास येते. ढगांतून पाऊस पडताना सुटणारी उष्णता हिशेबात घेतल्यावर हा पाऊण तासाचा फरक बराचसा भरून निघाला. मला या विषयात सर्वात भावते ते हे: डोक्यावरचा ओझोन, हवेतली वाफ आणि विषुववृत्तावरचा पाऊस, तिघांची बेरीज तुमच्या मनगटावर दिसते.

आता भरतीबरोबर वर जाऊ, कारण खरी मोठी नाट्ये तिथे घडतात. जमिनीवर एक-सव्वा हेक्टोपास्कल म्हणजे एकूण दाबाच्या हजारातला एक भाग. पण वर जाताना हवा विरळ होत जाते. दर सात किलोमीटरला तिची घनता सुमारे ३७ टक्क्यांवर येते. लाटेची ऊर्जा तेवढीच राहिली आणि हवा विरळ झाली, तर झोका मोठा व्हावाच लागतो. वाटेत काही गमावले नाही असे धरले, तर १०० किलोमीटरवर तो हजारपटीहून जास्त होतो. प्रत्यक्षात वाटेत बरेच काही गळते. तरीही ९०-१०० किलोमीटरवर भरतीचे वारे सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहून वेगाने वाहतात आणि तापमान १०-२० अंशांनी वर-खाली होते. तिथे भरती हेच हवामान. जमिनीवर आपण पाऊस, वादळ, थंडीची लाट म्हणतो, तसे ९० किलोमीटरवर रोजचे मुख्य हवामान म्हणजे ही भरती.

आपल्या महाराष्ट्राची जागा या बाबतीत नशिबाची आहे. २४ तासांच्या लाटेचे उत्तर-दक्षिण वारे २० अंश अक्षांशाच्या आसपास सर्वात जोरात असतात, तर तापमानातला तिचा चढउतार विषुववृत्तावर. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जे रडार चालले, ते साधारण १७ अंश अक्षांशावर. ते ७० ते १०० किलोमीटरमधला वारा मोजते. त्याच संस्थेचे तसेच रडार तिरुनेलवेलीला, पावणेनऊ अंशांवर. दोन्हींचे आलेख शेजारी ठेवले की लाटेचा आकार डोळ्यांना दिसतो. आणखी एक गोष्ट अशा आलेखात लगेच भरते: वाऱ्याचे शिखर तासाला साधारण एक किलोमीटरने खाली सरकत असते. नवा विद्यार्थी म्हणतो, लाट वरून खाली येते आहे. नाही. या लाटांत शिखर खाली सरकते तेव्हा ऊर्जा वर जात असते. हे पटायला मला स्वतःला वेळ लागला होता, म्हणून नव्या माणसाला मी घाई करत नाही.

आता ओझोनचा दिवस पाहू. खालून वर.

२५ किलोमीटरच्या खाली ओझोनचे आयुष्य महिन्यांत मोजतात. एका दिवसात रसायनशास्त्राला तिथे फारसे काही करता येत नाही. पुण्याहून हवामान खाते फुग्याला बांधून जो ओझोन मोजणारा संच सोडते, तो सकाळी सोडा की दुपारी, या थरांत वेळेने मोठा फरक पडत नाही.

३० ते ४० किलोमीटरमध्ये चित्र बदलते. इथे दिवसा ऑक्सिजनचे रेणू फुटून नवा ओझोन तयार होत असतो, म्हणून दुपारनंतर तो थोडा वाढलेला दिसतो. शिवाय भरतीचे उभे वारे हवा वर-खाली करतात. ज्या थरात उंचीबरोबर ओझोनचे प्रमाण झपाट्याने वाढते, तिथे हवा खाली आली की वरची ओझोनभरली हवा त्या जागी येते. वारा खाली वाहायचा थांबतो तेव्हा हवा सर्वात जास्त खाली आलेली असते. त्यामुळे २४ तासांच्या लाटेत वाऱ्याचे टोक आणि ओझोनचे टोक यांत सहा तासांचे अंतर पडते. आलेखावर हे अंतर दिसले की ओळखावे, इथे रसायन नव्हे, वारा बोलतो आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जपानचे स्माइल्स नावाचे उपकरण ऑक्टोबर २००९ ते एप्रिल २०१० असे सहाच महिने चालले. पण त्याचा लहरी टिपणारा भाग अतिशय थंड ठेवलेला असल्याने त्याच्या नोंदी फार स्वच्छ होत्या, आणि अंतराळ स्थानकामुळे दिवसाच्या सगळ्या वेळा त्याला मिळाल्या. त्या नोंदींतून स्थितांबरातला दैनिक चढउतार ८ टक्क्यांपर्यंत भरला. जमिनीपासून वरपर्यंतच्या एकूण ओझोनमध्ये मात्र सुमारे १ टक्का, कारण बहुतेक ओझोन खालच्या शांत थरांत असतो.

५० किलोमीटरच्या वर उलटे होते. दिवसा सूर्यकिरण ओझोन फोडतात आणि सुटलेला ऑक्सिजनचा अणू रेणूला चिकटून ओझोन पुन्हा बनायला पुरेशी दाट हवा तिथे नसते. सूर्य मावळला की फोडणे थांबते, सुटे अणू रेणूंना चिकटत जातात, ओझोन वाढतो. म्हणून मध्यांबरात, म्हणजे स्थितांबराच्या वरच्या थरात, रात्रीचा ओझोन दिवसापेक्षा जास्त. ९०-९५ किलोमीटरवर ओझोनचे दुसरे शिखर आहे, तिथे रात्र आणि दिवस यांत दहापटीच्या आसपास फरक पडतो. सूर्योदयाला तो मिनिटांत कोसळतो.

भरतीचा हात इथे फार स्पष्ट दिसतो. सुटा अणू आणि रेणू मिळून ओझोन बनण्याची क्रिया थंडीत वेगाने होते. २०० केल्व्हिनची हवा १० अंशांनी थंड झाली तर तो वेग सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. भरतीने हवा वर उचलली की ती थंड होते, खाली ढकलली की तापते. म्हणजे भरतीने फक्त तापमान बदलले तरी ओझोन बदलणार. पण भरती आणखी एक काम करते. ऑक्सिजनचे सुटे अणू वर जास्त, खाली कमी. हवा खाली आली की ते अणूही खाली येतात आणि ओझोनला कच्चा माल मिळतो. एक हात वाढवतो तेव्हा दुसरा कमी करतो. साधारणपणे ८०-८५ किलोमीटरजवळ अणूंची ने-आण वरचढ ठरते, त्याच्या वर थंडी.

ही ओढाताण डोळ्यांनी नाही तरी कॅमेऱ्याने दिसते. सुमारे ८७ किलोमीटरवर हायड्रोजनचा अणू ओझोनला भिडतो आणि त्यातून हायड्रॉक्सिलचा मंद अवरक्त प्रकाश पडतो. अमावास्येच्या रात्री गडावर आकाश पूर्ण काळे का नसते, याचे एक कारण अशी हवेची स्वतःची चमक. रात्रीतून ती चमक कमी-जास्त होते, आणि त्यात भरतीचा मोठा हिस्सा असतो.

इथून एक सूचना, आणि ही मी कळकळीने देतो: ओझोनचा कोणताही आकडा वेळेशिवाय घेऊ नका. वरच्या थरांबद्दल बोलताना, अमुक उंचीवर अमुक ओझोन, हे वाक्य अपुरे आहे. स्थानिक वेळ किती, हे हवेच.

यात मी स्वतः फसलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका उपग्रहाच्या नोंदींवर काम करताना मला वरच्या ओझोनमध्ये सुरेख ६० दिवसांचे चक्र सापडले. विषुववृत्तीय पावसात ३० ते ६० दिवसांची जी फेरी येते, तिच्याशी ते जोडता येईल असे वाटले. तीन महिने त्यात घातले. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने एकच विचारले: हा उपग्रह तुझ्या अक्षांशावरून रोज किती वाजता जातो? त्याची कक्षा अशी होती की स्थानिक वेळ रोज सुमारे १२ मिनिटांनी मागे सरकत होती. ६० दिवसांत १२ तास. मला सापडलेले चक्र म्हणजे १२ तासांची भरतीच होती, उपग्रहाच्या सरकत्या घड्याळातून ताणलेली. ओझोन साठ दिवसांनी बदलत नव्हता, माझी पाहण्याची वेळ बदलत होती.

याची उलट बाजूही आहे. ऑरा हा उपग्रह २००४ पासून बरीच वर्षे विषुववृत्त दुपारी आणि रात्री दीड-पावणेदोनच्या सुमारास ओलांडत आला. त्या वर्षांत वेळ सरकत नव्हती म्हणून त्या नोंदी दीर्घ काळाच्या तुलनेला उत्तम. पण १२ तासांची लाट दुपारी दीडला जी स्थिती दाखवते, नेमकी तीच रात्री दीडला दाखवते. दोन्हींची वजाबाकी केली की ती पुसली जाते. म्हणजे दिवस-रात्रीच्या फरकावरून भरती मोजणारा माणूस त्या उपग्रहाच्या नोंदींतून १२ तासांची लाट पाहूच शकत नाही. त्यासाठी सरकत्या कक्षेचा उपग्रह लागतो. डिसेंबर २००१ मध्ये सोडलेल्या टाइम्ड उपग्रहावरचे सेबर हे उपकरण त्यासाठीच मोलाचे: ६० दिवसांत ते जवळजवळ सगळ्या वेळा गोळा करते. प्रत्येक खिडकीतून काही दिसते, काही दडते, आणि काय दडते ते आधी लिहून ठेवावे.

हे फक्त आमच्या क्षेत्रातल्या लोकांचे भांडण नाही. ओझोनला मारणारी रसायने आवरणाऱ्या १९८७च्या माँट्रियल करारानंतर वरच्या स्थितांबरातला ओझोन सावरतो आहे, त्याचा वेग दशकाला साधारण १ ते ३ टक्के. त्याच उंचीवरचा दैनिक चढउतार काही टक्क्यांचा. ओझोन मोजणाऱ्या काही जुन्या उपग्रहांच्या कक्षा वर्षानुवर्षे सरकत गेल्या आणि त्यांची स्थानिक वेळ काही तासांनी बदलली. हे दुरुस्त केले नाही तर घड्याळाचे सरकणे हे ओझोनचे सावरणे किंवा घटणे म्हणून वाचले जाईल. म्हणूनच दैनिक चक्राचे तपशील नीट मोजण्यावर इतकी माणसे इतकी वर्षे घालवत आहेत. काम कंटाळवाणे दिसते, पण सगळ्या जगाने केलेल्या एका कराराचा हिशेब त्यावर तपासला जातो.

ओझोन ऋतूंनुसार, दर २८ महिन्यांच्या आसपास उलटणाऱ्या विषुववृत्तीय वाऱ्यांनुसार आणि सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्रानुसार बदलतो, तशी भरतीही बदलते. त्याचा सर्वात ठळक नमुना जानेवारी २००९ मध्ये दिसला. उत्तर ध्रुवावरचे स्थितांबर काही दिवसांत प्रचंड तापले आणि तिथला वाऱ्यांचा भोवरा दुभंगला. ध्रुव तापला की उष्ण कटिबंधातले स्थितांबर थंड होते, आणि वरच्या स्थितांबरात थंडी म्हणजे जास्त ओझोन, कारण ओझोनला मारणाऱ्या क्रिया थंडीत मंदावतात. ओझोन वाढला, त्याची ऊब वाढली, १२ तासांची भरती वाढली, आणि परिणाम गेला थेट आयनांबरात, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वरच्या थरात. पेरूमध्ये आणि आपल्याकडे चुंबकीय विषुववृत्ताजवळ आयनांबरातले प्रवाह सकाळी वाढलेले आणि दुपारी उलटलेले दिसले.

त्या दिवसांत चंद्राची भरतीही अनेक पटींनी वाढली होती. फोर्ब्स आणि झांग यांनी २०१२ मध्ये याचे जे स्पष्टीकरण मांडले त्यात पेकेरिस परत येतो: ध्रुवीय उलथापालथीने हवेचा नैसर्गिक काळ थोडा सरकला आणि चंद्राच्या १२ तास २५ मिनिटांच्या जवळ आला. केल्व्हिनचा झोका सूर्यासाठी खोटा ठरला आणि चंद्रासाठी, काही दिवसांपुरता, कामी आला. तेव्हा तुमच्या गटातल्या चंद्रवाल्या मित्राला पूर्ण मोडीत काढू नका.

या सगळ्याचा एक पदर आपल्या किनाऱ्यावरही आहे. केल्व्हिनने झोक्याची कल्पना मांडली त्याच १८८२ मध्ये बॅलफोर स्ट्यूअर्टने सुचवले की कंपासाची सुई रोज जी किंचित हलते, त्याला वरच्या हवेतले विजेचे प्रवाह कारण असावेत आणि ते प्रवाह हवेच्या हालचालीने उठत असावेत. हे बरोबर निघाले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४०च्या दशकापासून सुईची ही हालचाल नोंदवली जात होती. शहरात विजेच्या ट्राम यायच्या म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवले, आणि नानाभाई मूस यांनी कुलाब्याच्या साठ वर्षांच्या नोंदी नीट लावून १९१० मध्ये छापल्या. रडार आणि उपग्रह नव्हते तेव्हा १०० किलोमीटरवरची भरती पाहण्याची खिडकी म्हणजे ती सुई होती. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे.

घरी पाहायचे असेल तर डिसेंबर-जानेवारी हा उत्तम काळ. बऱ्याच चांगल्या फोनमध्ये दाबमापक असतो. फोन एका जागी, एकाच मजल्यावर ठेवून दर तासाला दाब नोंदवणारे ॲप दहा-बारा दिवस चालू ठेवा. मग सगळ्या दिवसांचे सकाळी सहाचे आकडे एकत्र करून सरासरी काढा, सातचे वेगळे, आठचे वेगळे. चोवीस आकडे मिळतील. ते मांडले की दोन शिखरे दिसतील, सकाळचे उंच आणि रात्रीचे बुटके. दोन्ही सारखी का नाहीत? कारण त्यात २४ तासांची लाटही आहे, आणि जमिनीच्या तापण्या-निवण्याने ती आपल्याकडे बरीच वाढते. समुद्रकाठच्या मित्राला तेच करायला सांगा आणि घाटावरचा आलेख त्याच्या आलेखाशेजारी ठेवा. १२ तासांचा भाग दोन्हीकडे जवळजवळ सारखा निघेल, कारण तो वरून येतो. फरक पडेल तो २४ तासांच्या भागात.

गडावर जाताना घड्याळाची उंची माहीत असलेल्या जागी जुळवून घ्या आणि किती वाजता जुळवली ते लक्षात ठेवा. सकाळी दहाला पायथ्याशी जुळवलेले घड्याळ दुपारी चारला माथ्यावर २०-२५ मीटर जास्त दाखवेल. तेवढे वजा करा.